मनगटावरची माशी

बोर्डीच्या चिकूवाडीत आज हवेत एका जागी तरंगणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी माझ्या घामेजल्या मनगटावर येऊन बसली आणि गंजाडचं जंगल आठवलं. तेव्हा माझी मुलगी रेवा कॉलेजात होती. अशीच माशी माझ्या हातावर पाहून ती कुजबुजली होती, “बाबा, हलू नका. गांधीलमाशी नाही ती. पंख दोनच आहेत, नांगी नाही. नुसता घाम चाटतेय.”

मी घाबरून फटका मारला.

“काय बाबा, भित्रे तुम्ही,” ती हसली. पण मेलेली माशी पानावर ठेवताना तिचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं मला फक्त हसणंच आठवत होतं.

खिशात फोन वाजतोय, पण माशी अजून मनगटावरच आहे. या वेळी रेवाचाच असतो. उचलायला उशीर का झाला विचारलं, तर सांगेन, हललो नाही.