चढणीवरली

रांगेत फक्त पुरुष होते. सगळे एकाच घरातले. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूची वाडी. शाळेच्या खोलीत तपासणी शिबिरासाठी इको मशीन लावलं होतं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मी ती करणारी टेक्निशियन.

या घरातले आजोबा, मग धाकटा मुलगा आणि यंदा नातू संतोष, तिघेही भर तरुणपणी शाळेमागची चढण चढताना कोसळून गेले. आमचा संशय एका आजारावर होता. त्यात हृदयाचा स्नायू जाड होतो. कधी ठोका अचानक बिघडतो आणि माणूस जागच्या जागी जातो. आजार आईबापांकडून उतरतो, मुलात तसाच मुलीतही.

संतोषच्या वडिलांच्या, लक्ष्मणच्या हृदयाची भिंत जाड निघाली.

"बायका कुठे आहेत?" उल्हासनगरहून आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांना कशाला? ती बायकांना नाय धरत," लक्ष्मण म्हणाले.

"ती कोण?"

"चढणीवरली."

कोणी हसलं नाही. बाहेर भरदुपारची चढण रिकामी होती. पानही हलत नव्हतं.

"घरात बाई कधीच अशी गेली नाही?"

"नाय. सगळ्या सुना धडधाकट."

"सुना बाहेरून आलेल्या. तुम्हाला बहीण?"

"व्हती. वांगणीला दिलेली. विहिरीवर पाणी शेंदताना बसली ती उठलीच नाय." लक्ष्मण म्हणाले. "पण ती त्यांच्या घरातली मयत."

तेवढ्यात खिडकीतून एक मुलगी चढणीवर धावताना दिसली. लक्ष्मणची कविता. पोलीस भरतीची तयारी करत होती.

"हाक मारा," डॉक्टर म्हणाले. "चालत ये म्हणावं."

ती घामेघूम आली. "मला धरायला तिला आधी पळायला लागंल," ती म्हणाली आणि टेबलावर आडवी झाली.

स्क्रीनवर भिंत दिसली. बापाच्या भिंतीपेक्षा जाड. कविताला दम लागलेला नव्हता. काहीच होत नव्हतं.

"सर, पुन्हा मोजू?"

"मोज."

आकडा तोच आला.

कविताचं धावणं त्या दिवशी थांबलं, भरतीही. पुढे तिच्या छातीत कातडीखाली एक यंत्र बसवलं. ठोका बिघडला तर ते झटका देऊन तो ताळ्यावर आणतं. ते एकदा चाललं, घरात, ती भाकरी थापत असताना. ती वाचली. वांगणीच्या भाच्यांचीही तपासणी सुरू झाली.

आता प्रत्येक शिबिरात आम्ही एक प्रश्न जास्त विचारतो: लग्न करून दिलेल्या मुलींपैकी अचानक कोण गेलं? उत्तर यायला वेळ लागतो. त्या मयती माहेरात कोणी धरलेल्या नसतात.