इंजिनावर फोडलेला नारळ

मोटोक्रॉस शर्यतीच्या जुन्या मोटारसायकलीची जुळणी करताना घाई करू नये; प्रत्येक भाग आधी पुसून, बोटांनी चाचपून पाहावा. साताऱ्यातल्या आमच्या अंगणात काल तेच करीत होतो. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा गोडसर वास आला, बोट इंजिनाच्या हेडवरच्या तुटक्या फिनला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पातळ पात्याला, लागले आणि आष्ट्याजवळचे ते ऊस तोडून मोकळे झालेले रान समोर उभे राहिले.

शर्यत सुरू व्हायची होती. सैन्यातून निवृत्त झालेले आमचे काका नारळ घेऊन आले. माझा थोरला भाऊ म्हणाला, "काका, दगडावर फोडा. इंजिनावर नको."

"आमास्नी शिकवतोस व्हय रं?" म्हणत काकांनी नारळ हेडवरच आपटला. फिन तुटली, स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला तडा गेला. जवळ दुसरा प्लग नव्हता. बाकीच्या गाड्या धूळ उडवीत निघून गेल्या आणि दादा नुसता किक मारीत राहिला.

"पायात जोरच न्हाई तुज्या," काका सर्वांदेखत म्हणाले.

त्या गाडीवर वर्षभर राबलेल्या दादाने मान खाली घातली. "चुकलं, काका."

तेव्हा मला काकांचा संताप आला होता. आता काका नाहीत. संताप आहे, आणि तो दादाच्या त्या 'चुकलं'वर आहे. काल माझ्याबरोबर जुळणीला बसलेल्या दादाला तसे सांगितले. पाना पुसत तो हसला. "थोरल्या माणसाला काय बोलायचं, गड्या? सोड की आता."

"तू शर्यतही सोडलीस," मी म्हणालो. "पुन्हा कधी उतरला नाहीस."

त्याचे हसू विरले. पाना खाली ठेवून तो घरात गेला. मी त्याला परत बोलावले नाही.