मागची टाळी

हरेश्वरच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी भजनाला निघालो होतो. पायात चप्पल, पिशवीत टाळ. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. टाळ ठेवला आणि तसाच निघालो. सकाळी किनाऱ्यावर फिरून आला, चहा प्यायला आणि खुर्चीत बसल्या बसल्याच गेला, असं नवापूरला शेजारी सांगत होते. त्याला पोचवून आलो, त्यालाही आता महिना उलटून गेला. भजनाला पुन्हा जायला लागलोय, पण हात काही जागेवर येत नाही.

बोईसरच्या एकाच कारखान्यात आम्ही दोघांनी नोकरी काढली. मी पाम गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, तो नवापूरच्या मच्छीमार घरातला. पण तरुणपणी तो काही वर्षं मालवाहू जहाजावर होता आणि कुठल्याशा परक्या बंदरात त्याला जॅझची चटक लागली. गावी आल्यावर ही चटक सांगायची कोणाला? बायको होती तोवर ते वाजवणं ऐकून म्हणायची, भांडी घासायची तर घासा, आपटू नका. ती गेली आणि मग तसं बोलणारंही कोणी उरलं नाही. संध्याकाळी ओटीवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायचा, मधे छोटा स्पीकर ठेवायचा आणि एका खुर्चीत एकटाच बसायचा. दुसरी कोणासाठी रे, असं मी एकदा थट्टेने विचारलं. येईल कोणीतरी, म्हणाला.

दोन हिवाळ्यांपूर्वी तारापूरच्या वसाहतीत मुंबईचे चार वादक येणार होते. हरेश्वर इस्त्रीचा सदरा घालून थेट माझ्या दारात. मी म्हटलं, बाबा रे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"समजाय नको," तो म्हणाला. "नुसता बस. एकदा तरी बाजूला कोन पायजे."

गेलो. सभागृहात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सुरुवातीला मला वाटलं, चौघांचं काहीतरी बिनसलंय आणि ते स्टेजवरच निस्तरतायत. सॅक्सोफोनवाला बराच वेळ एकटा सुटला होता. तो थांबल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून संपलं समजून मी उठलो. हरेश्वरने सदऱ्याला धरून खाली बसवलं. मग माझ्यातल्या टाळकऱ्याला राहवेना. भजनात पहिल्या ठोक्यावर टाळ पडतो, तसा मी मांडीवर ताल धरला. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ वळून बघायला लागला. हरेश्वरने हळूच माझा हात धरला, एक ठोका जाऊ दिला आणि मग हात मांडीवर टेकवला.

"पयला ठोका त्यांचा," तो कानात म्हणाला. "आपन मागनं."

माझा हात धरून तो कितीतरी वेळ बसला होता. दोन म्हातारे, हातात हात... मला अवघडल्यासारखं झालं, पण मी हात सोडवून घेतला नाही. पुढे कधीतरी त्याने हात सोडला, तरी माझी टाळी बरोबर मागून पडत राहिली. बाजूला पाहिलं, तर त्याचं सगळं लक्ष माझ्या हाताकडे होतं आणि डोळे भरून आले होते. त्यानंतर दर रविवारी दुसऱ्या खुर्चीत मी असायचो. बोलायचो फारसं नाहीच.

घर बंद करताना लेकीने विचारलं, काका, बाबांची काही आठवण हवी का? मी स्पीकर मागितला आणि त्या दोन खुर्च्या. रिक्षावाला म्हणाला, अशा खुर्च्या तर पामलाही मिळतात.

भजनात बुवा सांगतात, टाळ मागे पडतोय. पडतोयच. कधी कधी हरेश्वरचा रागही येतो. स्वतःची चटक दुसऱ्याला लावून माणसाने असं निघून जायचं असतं का? आता मी ती कोणाला सांगू? स्पीकर लावला की घरची माणसं आतून दार लोटून घेतात. मी मात्र अंगणात दोन्ही खुर्च्या मांडतो. वाजायला लागलं की हात उचलून थांबतो. पहिला ठोका त्याच्यासाठी सोडतो. मग मागून टाळी पडते... एकट्याची.