ओस्बर्ट गार्थवेटचा गौरवग्रंथ

ओस्बर्ट गार्थवेटने उभ्या आयुष्यात एकच गोष्ट शोधून काढली, आणि ती सांगून सांगून आमच्या अख्ख्या इतिहास विभागाचे कान किटवले. सोळाशे बेचाळीस साली इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट एकमेकांच्या उरावर बसले, ते म्हणे धर्मावरून नव्हे, करावरून नव्हे, तर जेवणाच्या टेबलावरच्या जागेवरून! तेव्हा मिठाचं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवत, त्याच्या वरची बाजू मानाची; मेजवानीत ज्या जमीनदाराला मिठाच्या वर बसवलं तो राजाचा, ज्याला खाली ढकललं तो पार्लमेंटचा. म्हणजे पंगतीत मानपान झाला नाही म्हणून रुसलेले व्याही, आणि त्यांनी शेवटी राजाचं मुंडकंच उडवलं. संपला इतिहास.

या एका गोष्टीपायी त्याने लिंकनशरच्या गारठलेल्या दफ्तरखान्यांत जन्म काढला. जुन्या घराण्यांचे स्वयंपाकघरातले हिशेब वाचून डोळे फोडून घेतले. त्याची बायको विनिफ्रेड चारचौघांत म्हणायची, "चारशे वर्षांपूर्वी कोण काय जेवलं ते याला विचारा. काल मी काय वाढलं ते मात्र विचारू नका हं."

बरं, पटलं कुणाला? आमच्या पिढीत तरी कुणालाही नाही. उलट ओस्बर्टला खोडून काढण्यावर कित्येकांना नोकऱ्या लागल्या, दोघांना तर प्राध्यापकी मिळाली. त्यातला एक रूपर्ट क्विल्टर. ओस्बर्टच्या प्रत्येक पुस्तकावर त्याचं एक उलट पुस्तक यायचं, आणि नंतर दोघं एकाच बाकावर शेरी पीत बसायचे.

ओस्बर्टच्या निवृत्तीला आमच्या रिवाजाप्रमाणे गौरवग्रंथ काढायचा ठरला. जुने विद्यार्थी आणि स्नेही एकेक लेख देतात. प्रस्तावनेत तोंडभर स्तुती, आत सुऱ्या. संपादनाचं लोढणं माझ्या गळ्यात, कारण ज्याला नाही म्हणता येत नाही अशी विभागात मी एकटीच. आणि ओस्बर्ट रोज माझ्या दारात हजर.

"हेस्टर, क्विल्टरचा लेख आला का गं?"

"आला."

"काय म्हणतोय मेला?"

"तू साफ चुकलास म्हणतोय. लेखभर तेच."

"वा वा! किती पानं?" त्याचा चेहरा खुलला. मग खुर्चीत बसून हळूच म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. आम्हाला मूलबाळ नाही, घर कॉलेजचं, तेही सोडायचंय. पंगतीची गोष्ट माझ्या नावाने राहिली पाहिजे, बाकी काही नको मला. फेनेला राखील बघ. माझ्या हाताखाली तयार झालेली तेवढी एकच खरी पोरगी."

फेनेला प्राउझचा लेख दुसऱ्याच दिवशी आला. काय लिहिलं होतं बाई! मेजवान्या, जागा, रुसवेफुगवे, बंड, सगळं ओस्बर्टचंच, पण त्याच्यापेक्षा दसपट चांगलं. आणि त्याचं नाव कुठेच नाही. तळटिपेतसुद्धा नाही! मी तिला फोन केला. "अगं, सरांचा गौरवग्रंथ आहे ना हा? एक तळटीप टाक की." "बरं, बघते," म्हणाली. कसलं बघते! लेख आला तसाच छापला गेला. दुसऱ्याच्या लेखात तळटीप घुसडणं आमच्यात महापाप, नाहीतर मीच घुसडली असती. असा संताप आला होता मला.

प्रकाशनाचा समारंभ दुपारी झाला. कोमट शेरी, वाळके सँडविच, आणि विभागप्रमुखांचं भाषण, ज्यात त्यांनी ओस्बर्टचा विषयच चुकीचा सांगितला. पुस्तक हातात पडताच ओस्बर्टने ते मागून उघडलं. आमच्यात सगळे तसंच उघडतात. आधी नामसूची, त्यात आपलं नाव, नावापुढे पानांची लांबलचक रांग. त्याचं बोट त्या रांगेवरून फिरत होतं. एकाने त्याला भाबडा म्हटलं होतं, एकाने हट्टी, क्विल्टरने तर "थोर चूक" म्हटलं होतं. ओस्बर्ट गालातल्या गालात हसत होता.

मग त्याचं बोट थांबलं. फेनेलाच्या लेखाची पानं त्या रांगेत नव्हती. त्याने लेख काढला, तळटिपा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. मग पुस्तक बगलेत मारून तिच्याकडे गेला. मीही मागोमाग गेले.

"फेनेला, लेख सुरेख आहे. पण ते पंगतीचं... ते कुठून घेतलंस?"

"कुठून म्हणजे?" तिला प्रश्नच कळेना. "सर, ते आता शाळेतली पोरंसुद्धा परीक्षेत लिहितात. ते खरंच आहे ना! खऱ्याला कुणाचं नाव कशाला द्यायचं?"

ती मनापासून बोलत होती, हीच पंचाईत. ओस्बर्टने मान हलवली, "बरोबर, बरोबर," म्हणाला, आणि मला कोपरापाशी धरून खिडकीकडे घेऊन आला. माणूस जिंकला होता, आणि पुन्हा नामसूचीच उघडत होता.

"हेस्टर, दुसरी आवृत्ती निघेल का गं याची?"

"गौरवग्रंथाची? ओस्बर्ट, पहिली खपली तरी नवल."

"निघालीच तर तिला माझा एवढा निरोप दे," तो म्हणाला. "म्हणावं, गार्थवेट चुकला असं लिही. एकदाच लिही, पण नाव घालून लिही."