जेवणानंतरची गोळी

अर्धापूरच्या धोंडाबाई आणि शेषेराव या नवरा-बायकोचे गुडघे एकाच वर्षी झिजले. डॉक्टरांनी दोघांना सूज-दुखीची एकच गोळी दिली आणि बजावलं, "उपाशीपोटी घ्यायची नाही." धोंडाबाईंनी हे इतकं मनावर घेतलं, की शेषेरावांचं जेवण होईपर्यंत त्या गोळी मुठीत धरून समोर बसत. "दोन घास खाऊन हात धुऊन राहिले का? मिळणार न्हाई गोळी."

स्वतःच्या गुडघ्यांसाठी मात्र त्यांनी माहूरच्या देवीचे उपास धरले होते, मंगळवारी आणि शुक्रवारी, तेही निरंकार. गोळी चुकवायची नाही आणि उपास मोडायचा नाही, ही दोन्ही पथ्यं त्यांनी वर्षभर चोख पाळली. पोटात आग पडायची, देवी परीक्षा बघते म्हणून ती सोसली. शौचाला काळी होते, हे लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. एका शुक्रवारी रक्ताची उलटी झाली आणि नांदेडला पोचेपर्यंत सगळं संपलं. गुडघे, सगळ्यांच्या मते, बरेच सुधारले होते.

आता शेषेरावांची गोळी सून ताटाशेजारी ठेवते. ते जेवतात, हात धुतात आणि तसेच बसून राहतात.

"मामा, घ्या की गोळी."

"जेवलो का मी, हे तर कुणी इचारलंच न्हाई."