काकीने वरून बघितलेला डोंगर

माझ्या विमानातली पहिली पॅसेंजर आज पहाटे गेली.

पार्वतीकाकी. माझी चुलती. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या आमच्या वाडीत तिने जन्मभर म्हशी सांभाळल्या.

मी पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी क्लबचं दोन सीटचं छोटं विमान उडवतो. निव्वळ हौस.
लायसन्स मिळालं तेव्हा पेढे घेऊन वाडीत गेलो होतो. सगळ्यांनी विचारलं, आता पगार वाढणार का?

काकीने विचारलं, "वजन किती रे त्याचं?"
"रिकामं असलं तर तुझ्या म्हशीपेक्षा हलकं."
"मग मला कसं उचलेल?"

हसली. पण प्रश्न संपेनात. पेट्रोल कुठलं? गाडीतलंच चालतं? पाठी जाता येतं का?

"आणि वर बंद पडलं तर?"
"तरंगत खाली आणायचं. सपाट जागा बघून."
ती समोरच्या दरीकडे बघत राहिली.
"सच्या, आपल्याकडं सपाट हाय कुठं?"



तरी मी निघताना काकी म्हणाली, "मला ने एकदा."
चुलतभाऊ चिडला. "आये, ह्या वयात काय गो तुझं?"
ती म्हणाली, "तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून पावसात डोळ्याला डोळा लागत नाय. हा डोंगर रोज खालनं बघते. एकदा वरनं बघू दे."


थंडीत आकाश स्वच्छ असतं. काकी एसटीने घाट चढून पुण्याला, क्लबच्या धावपट्टीवर आली. नवीन साडी, स्वेटर, डोक्याला मफलर. बेल्ट मी लावला. हेडफोनमधून हळू बोललं तरी ऐकू येतं, हे सांगूनही ती पूर्ण वेळ ओरडूनच बोलली.

विमान उठलं तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला. थोड्या वेळाने सोडला. मग काचेला नाक लावलं ते शेवटपर्यंत.

मी मुद्दाम उंचावरून नेलं. खाली आंबेनळी घाटाचा रस्ता, सावित्री नदीचं वळण.
"ती आपली वाडी? एवढीशी?"

आणि मग,
"सच्या, ती रेघ कसली रे?"

वाडीच्या वर, पिवळ्या गवतात, कोयत्यासारखी वाकडी रेघ.
"गुरांची वाट असेल," मी म्हणालो.
"खालनं मला पण तसंच वाटायचं. पण मग घरांवर अशी वाकलीय कशाला?"
"माहीत नाही, काकी."
"मग परत फिरव की!"

फिरवलं. दुसऱ्या फेरीत रेघ दाखवून मोबाइल तिच्या हातात दिला. तिने फोटो काढले. निम्म्यांत तिचं बोट आलं होतं.

उरलेले फोटो तहसील कचेरीत दाखवले. भूगर्भाचे जाणकार आले, डोंगर चढले. ती भेग होती. वरचा भाग जरा खाली सरकला होता. पडेल की नाही, कधी पडेल, ते सांगता येत नाही म्हणाले. वरच्या घरांनी उठावं, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं.

लोकांना पटेना. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं अशी कोण सोडतं?
काकीने सोडलं. सगळ्यात आधी. गोठ्याचे वासे काढताना ती रडली, ते मी पाहिलंय. पण थांबली नाही. तिच्या मागून एकेक घर खाली आलं.

त्यानंतर बरेच पावसाळे झाले. डोंगर पडला नाही.
वाडीतली पोरं चिडवायची, "काकी, डोंगर तर तिथंच हाय!"
"असू दे की," ती म्हणायची. "तो तिथं, आपण हितं."

आज पहाटे खालच्या घरात, झोपेतच गेली. सगळी वाडी अंगणात जमलीय. मीही पोचलोय.

काकी, तुला मनापासून नमस्कार. सुखाने जा.