जपाच्या वहीतली पोरं

थंडीत आमच्या गावावर कृष्णेचं धुकं उतरतं आणि सकाळचा बराच वेळ गाव असतंही आणि नसतंही. समोरच्या उसाचे तुरे तेवढे वर दिसतात. इस्लामपूरकडे निघालेल्या ट्रॉल्या आवाजावरूनच ओळखायच्या. मी पडवीत खुर्ची टाकून बसलेली असते. धुक्यातून दोघं जण काहीतरी उचलून आणताना दिसतात. जवळ आले की ते ऊसतोडीचे मजूर निघतात, डोक्यावर उसाच्या हिरव्या वाढ्यांचे भारे घेतलेले. पण जवळ येईपर्यंत ते दुसरेच कुणी असतात आणि त्यांच्यामध्ये स्ट्रेचर असतं. मी उठून बाह्यासुद्धा सरसावलेल्या असतात. मग माझं मलाच हसू येतं आणि मी पुन्हा खुर्चीत बसते.

मी लष्करी इस्पितळात नर्स होते. वर डोंगरात लढाई पेटली तेव्हा खालच्या खोऱ्यातल्या इस्पितळात माझी ड्यूटी होती. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं अप्रूप नाही. माझे यजमान हायस्कूलात शिक्षक होते, आता ऊस बघतात. ते मला चेष्टेनं ‘मेजरसाहेब’ म्हणतात. चहा उशिरा झाला की म्हणतात, “मेजरसाहेब, आज रसद कुठं अडकली?” हा माणूस चेष्टा करत राहिला म्हणून मी तगले, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर चढून बसतील.

लिहायला लावलं ते सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी. झोपेत मी हिंदीत ऑर्डरी सोडते, म्हणून यजमान मला त्यांच्याकडे घेऊन गेले होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “रोज सकाळी थोडं लिहा. कुणाला दाखवू नका, मलाही दाखवलं नाही तरी चालेल.” मला वाटलं, यात काय अवघड आहे! जन्मभर रिपोर्टच लिहिले की. बसले आणि लिहिलं: ‘रुग्ण शांत. तक्रार नाही. रक्त दिलं. ड्रेसिंग बदललं.’ पानंच्या पानं अशी भरली. मीच हौसेनं ती बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, “हे छान आहे, पण यात तुम्ही कुठं आहात?” मला रागच आला. वॉर्डाच्या रिपोर्टात नर्स कशाला असेल?

लागणीचा ऊस तुटून गेला आणि त्याच्या बुडख्यांतून खोडव्याचे गुडघाभर फुटवे आले, तेव्हा कुठं माझ्या कागदावर मी उमटले. नावं मला आठवत नव्हती. आठवायची ती माणसं, तीही तुकड्यातुकड्यांनी. मग मी त्यांना त्यांच्या गावानं लिहायला लागले. जावळीचा, हाताचं घड्याळ कुणाला काढू न देणारा. गढवालचा, शुद्धीवर आल्यावर सगळ्या वॉर्डाची माफी मागणारा. चेन्नईकडचा, ज्याचं एक अक्षर मला कळत नव्हतं आणि ज्याच्याशी मी सगळ्यात जास्त बोलले. एकेकाला लिहून झालं की तो थोडा वेळ पडवीत बसून जायचा, असं मला वाटायचं. भीती नाही वाटायची. पाहुणा जाताना वाटतं तसं वाटायचं.

आता गंमत अशी की, आमच्या गावात म्हातारपणी रोज सकाळी वही घेऊन बसणारी बाई एकच काम करते. ती नामजप लिहिते. ‘श्रीराम जय राम’ ओळीखाली ओळ, लाखाच्या हिशेबानं. तेव्हा मीही जपच लिहितेय, हे गावानं ठरवून टाकलं. शेजारच्या आक्का तर एकदा लाल शाईचं पेनच घेऊन आल्या, कारण जप लाल शाईत लिहितात.

“किती लाख झालं, ताई?” त्यांनी विचारलं.

“लय बाकी हाय अजून,” मी म्हणाले. आक्कांशी बोलताना माझी माहेरची माणदेशी जीभ आपोआप सुटते.

जप लिहिणाऱ्या बाईशी बोलू नये असा रिवाज आहे. त्यामुळे मला सकाळी कुणी हाक मारीना. पोरं पडवीसमोरून जाताना चपला हातात घ्यायची. लष्कराच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मिळाला नाही तो मान फुकट मिळाला, तो मी कशाला परत करू? लाल पेन मात्र मी वापरलं नाही. त्या पोरांना लाल शाईत लिहिणं माझ्याच्यानं झालं नसतं.

या थंडीत लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मला नात झाली. सगळ्यांनी गृहीत धरलं की बाळाला मीच न्हाऊ घालणार. नर्स घरात असताना बाहेरची बाई कशाला? आणि तिथंच माझी पंचाईत झाली. त्या खोऱ्यातून आल्यापासून ओल्या, ऊन अंगाला माझा हात लागत नाही. लागला की बोटं बधिर होतात. नोकरीत हातमोज्यांवर निभावलं. लेक झाली तेव्हा तिला सासूबाईंनी न्हाऊ घातलं आणि मी रजा संपवून निघून गेले. कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता सासूबाई नाहीत. मी सर्दीचं निमित्त केलं आणि न्हाऊ घालायला गावातली एक मावशी लावली. बंब पेटवायची मी, पाणी कोपरानं बघायची मी, पंचे शेकून ठेवायची मी. बाळ पायांवर घेऊन बसायची ती मावशी. माझी सर्दी काही बरी होईना.

मी मनाशी ठरवलं होतं, सगळी पोरं लिहून झाली की हात मोकळे होतील. म्हणून पहाटे अंथरूण सोडल्यापासून लिहीत होते. नातीचं जावळ मी अजून हुंगलं नव्हतं. ती मावशीच्या पायांवर हातपाय झाडायची आणि मी दारात पंचा धरून उभी असायची. मला ती हवी होती. इतकी, की छातीत दुखायचं.

त्यातच मारुतीच्या देवळाच्या नव्या मंडपाचा पाया भरायचा ठरला. घरोघरच्या जपाच्या वह्या पायाच्या खड्ड्यात ठेवायच्या, म्हणजे वर उभं राहील ते नामावर उभं राहील. त्या दिवशीही दाट धुकं होतं. मी परसात बंबात चिपाडं सारत होते, यजमान रानात गेले होते. पुढच्या दारी आक्का आल्या. लेकीनं आतूनच सांगितलं, “आईच्या वह्या कपाटावर आहेत, घ्या.” मी घरात आले तेव्हा कपाटावर एकही वही नव्हती.

मी तशीच निघाले. रस्ता दिसत नव्हता, पायांना ठाऊक होता. देवळाकडून टाळ ऐकू येत होते, काँक्रीटचा मिक्सर गरगरत होता. खड्ड्याभोवती बाया ओळीनं पिवळ्या फडक्यात बांधलेल्या वह्या ठेवत होत्या. आमची मावशीही त्यांच्यात गात बसली होती. आक्का मात्र बाजूला, लिंबाच्या पारावर बसल्या होत्या. हळदीकुंकू लावायला त्यांनी पहिलं पान उघडलं होतं आणि मग उघडीच ठेवली होती वही. बोट ठेवून ठेवून, ओठ हलवत त्या वाचत होत्या.

“ताई,” त्या वर न बघता म्हणाल्या, “ह्यात रामाचं नाव न्हाई.”

“न्हाई, आक्का.”

“पोरं हाईत.”

“व्हय.”

त्या पुढचं पान उलटून म्हणाल्या, “ह्यो घड्याळवाला वाचला का?”

“न्हाई.”

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. त्या रागावतील, गावभर बभ्रा होईल, अशी माझी तयारी होती. देवाच्या नावाखाली मी एवढे दिवस मान घेतला होता. पण त्या कुंकवाचं बोट पानावर टेकवून म्हणाल्या, “आवं, मग घालायच्या का न्हाईत, तेवढं सांगा. गडी खोळंबल्यात.”

वह्या परत न्यायलाच तर मी धावत आले होते. पण धुक्यात तो खड्डा बघितला आणि वाटलं, ड्यूटी संपली की दुसरीच्या हाती वॉर्ड देऊन जायचं असतं. मी कुणाच्याच हाती दिला नव्हता. तिथून तो उचलूनच घरी आणला होता.

“घाला,” मी म्हणाले.

“समदी आली न्हवं ह्यात?”

“एक ऱ्हायलाय. त्यो लिव्हताच येत न्हाई.”

“मग त्यो ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी,” आक्का म्हणाल्या आणि वह्या छातीशी धरून उठल्या. फडकं खाली जाताना मी बघितलं. वर काँक्रीट पडलं तेव्हा मी हात जोडले. मारुतीला, की त्यांना, ते मला सांगता येणार नाही.

घरी आले तर नात टाहो फोडत होती. पार मानेपर्यंत शीनं भरली होती. लेक म्हणाली, “आई, मावशींचा पत्ता नाही. आता काय करायचं?” मावशी देवळातून दुपारपर्यंत हलणार नव्हती. मी न्हाणीत पाट टाकला, लुगडं गुडघ्यांवर खोचलं, पाय लांब केले आणि म्हणाले, “दे इकडं.”

तिचं पोट माझ्या नडग्यांवर टेकलं आणि बोटं बधिर झाली. पहिला तांब्या ओतला, तेव्हा तो आला. राहिलेला तो. म्हसवडच्या बाजूचा, माझ्याच दुष्काळी माणदेशातला, पाण्याच्या टँकरची वाट बघत वाढलेला. इतर सगळे मला सिस्टर म्हणायचे, याला माझी बोली कळली आणि मी ताई झाले. मी त्याच्या अंगावरचा चिखल धूत होते. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं, तरी त्याचं लक्ष सारखं खाली वाहणाऱ्या पाण्याकडे. “ताई,” तो म्हणाला, “लय पानी सांडाय लागलाय तुमी.” मी हसले. मग त्याच्यासाठी म्हणून बेतानं ओतायला लागले, ओंजळीएवढं, तांब्या अडवत अडवत. अर्ध्यातच त्याचं अंग माझ्या हातात थंड झालं, चिखल तसाच राहिला होता.

नातीनं पाणी पडताच असा आवाज लावला की परसातली कोंबडी उडाली. तिची पाठ माझ्या हाताखाली ऊन होती आणि थरथरत होती. मी रडत होते आणि ओतत होते. मानेवर, पाठीवर, इवल्याशा टाचांवर, तांब्यामागून तांब्या. घंगाळ रिकामं झालं. पाणी न्हाणीच्या उंबऱ्यावरून परसात गेलं.

“आई, पुरे की आता,” लेक दारातून म्हणाली. “किती पाणी सांडतेस!”

“सांडू दे,” मी म्हणाले. “अजून आण.”